पुट्टीची खोळ

"या मापाचं एक बनियन शिवून मिळंल का?"

मी मान वर न करता बाहेरच्या पाटीकडं बोट दाखवलं. 'श्रीदेवी लेडीज टेलर – ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको.' लोहाऱ्यात पुरुषांचे टेलर चिक्कार आहेत. गौरी-गणपती तोंडावर आलेले, टेबलावर ब्लाऊजांचा ढीग, आणि अशा वेळी माझ्याकडं बनियन मागायला येणारा माणूस एक तर येडा असणार, नाही तर रिकामा.

"तिथनं हाकललं," आवाज म्हणाला. "एक टेलर तर कात्री घिऊन उठला."

आता मात्र मान वर झाली. दारात एक उंच पोरगा उभा होता. कुरळे केस पावसानं कपाळाला चिकटलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि छातीशी धरलेला चपलेचा खोका. खोक्याला भोकं पाडलेली होती.

"बनियन कुणाला?"

त्यानं खोका टेबलावर ठेवला आणि झाकण अगदी हलकेच… बोटभर उचललं.

आत एक निळा पक्षी होता. चिमणीपेक्षा जरासा मोठा. डोकं झकास – पांढरं कपाळ, गालावर निळे ठिपके, मानेवर बारीक काळ्या रेघा. पण मानेखाली पिसंच नव्हती. गुलाबी, उघडी कातडी, आणि एका जागी वाळलेल्या रक्ताचा ठिपका. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"लव्हबर्ड ना हा?"

"दुकानदार त्याच नावानं विकतेत. खरं नाव बजी. आन् हा न्हाय, ही."

"कुणी केलं हिचं असं?"

"तिनंच," तो म्हणाला. "स्वतःची पिसं स्वतःच उपटती. डोक्याला चोच पोचत न्हाय म्हणून तेवढं राहिलंय. मोबाईलवर बघितलं, काही लोक अशा पक्ष्यांना बनियन घालतेत. म्हणजे चोच कातडीला लागायची न्हाय."

माझ्या दुकानात तुळजाबाई काजं-बटणं करायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, जिभेनं माझ्याएवढ्या. चष्म्यावरून खोक्यात डोकावत त्या म्हणाल्या, "मग नवरीला ब्लाऊज पायजे, असं म्हण की सरळ."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. हे मी बघायला नको होतं, पण बघितलं.

मी टेप घेतली. छातीचं माप घेताना बाईसाहेबांनी माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"सॉरी, सॉरी! दात न्हायत तिला, पण राग लई हाय."

"मालकावर गेलीय वाटतं."

"मालकीण माझी आई. मी निस्ता ड्रायव्हर."

"नाव काय हिचं?"

"पुट्टी. कानडीत बारक्या पोरीला म्हणतेत."

"आणि ड्रायव्हरचं?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. तुळजाबाईंना एकदम खोकला आला.

"मल्लेश," तो म्हणाला. "सास्तूरला पाण्याच्या जळलेल्या मोटारी भरायचं दुकान हाय. घरातली वायरिंग, इन्व्हर्टर तीबी करतो. आख्ख्या सास्तुराची लाईट गेली तरी आमच्या घरातली ट्यूब बंद पडत न्हाय." ते सांगताना त्याची छाती जरा फुगली होती. मला वाटलं, पोरगा बढाईखोर आहे.

"उद्या दुपारी या," मी म्हणाले. "आणि पक्ष्याला घेऊनच या. ट्रायलशिवाय माझ्या दुकानातनं कपडा जात नाही."

त्या रात्रीचे दोन ब्लाऊज बाजूला ठेवून मी पुट्टीचं बनियन शिवलं. जुनं मऊ मलमल घेतलं. शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, कातडीला टोचू नये म्हणून. पंखांना भोकं, पाठीवर नाडी. खरं सांगते, नवरीच्या शालूवरचा ब्लाऊज शिवतानाही मी इतकी फुशारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ट्रायल झाली. मल्लेशनं तिला हातात धरलं, मी नाडी बांधली, आणि पुट्टीला टेबलावर सोडलं. ती एका कुशीवर पडली. उठायला गेली, परत पडली. मग चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली. डोळे एवढे मोठे झाले… फिटिंग एकदम चोख होतं आणि गिऱ्हाईक मरायला टेकलं होतं.

"काढा! काढा आधी!" मल्लेश ओरडला.

मी कात्रीनं नाडी तोडली. पुट्टी खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसली. मल्लेशनं झाकण लावलं आणि झाकणावर तळहात ठेवून नुसता उभा राहिला. मला स्वतःची इतकी चीड आली की ते बनियन मी चुरगळून चिंध्यांच्या पोत्यात टाकलं.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी हळूच विचारलं.

"आमच्याकडच्यानं सांगितलं, म्हशीचं काय असलं तर आण."

हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांकडं बघून मी ते गिळलं. मग तो बोलायला लागला. गेल्या दिवाळीनंतर त्याचे वडील वारले. आईनं, म्हणजे त्याच्या अव्वानं, बोलणंच सोडलं. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की पडायची, बास. मल्लेशनं लातूरहून ही जोडी आणली, आणि अव्वा पक्ष्यांशी का होईना, बोलायला लागली. उन्हाळ्यात जोडीतला एक मेला. तेव्हापासून पुट्टीनं पिसं उपटायला सुरुवात केली.

"ही गेली ना," तो म्हणाला, "तर अव्वा परत गप होईल. आन् ह्या खेपंला तिला कसं बोलतं करायचं, मला ठावं न्हाय."

मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. दुसरं काय देणार? "लातूरला घेऊन जा," एवढंच म्हणाले. "पक्ष्यांचं कळणारा कुणीतरी असंल तिथं. आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा."

"तुम्हाला?"

"गिऱ्हाईक माझं आहे ते," मी तोऱ्यात म्हणाले. तुळजाबाईंना परत खोकला.

तो आला सांगायला. लातूरच्या डॉक्टरांनी पुट्टीला नीट तपासलं होतं. किडे नाहीत, कातडीचा रोग नाही. जखमेला औषध दिलं आणि कपडाबिपडा घालू नका म्हणून दम दिला. पक्षी उगाच पिसं उपटत नाही, म्हणाले. एकटा पडला, कंटाळला, नुसते राळ्याचे दाणे खाऊन अंग कोरडं पडलं, झोप झाली नाही… कारण एकच असेल असंही नाही. घरात शोधा.

मग आम्ही शोधायला लागलो. 'आम्ही' म्हणजे तो तिकडं आणि मी इकडं, पण तो दर दोन-चार दिवसांनी लोहाऱ्यात उगवायचाच. पुट्टीला पालक, कोथिंबीर, जोंधळ्याचं हिरवं कणीस सुरू झालं. बशीत पाणी ठेवलं तर ती त्यात अंघोळ करून अख्खी खोली ओली करते, असं त्यानं इतक्या कौतुकानं सांगितलं! चोचीला काम हवं म्हणून मी कटिंगच्या खाकी कागदाच्या पट्ट्या दिल्या. पुट्टीनं त्यांचा भुगा केला आणि मल्लेश आणखी मागायला आला. खरं तर सास्तुरात खाकी कागद मिळत असावा.

येताना तो काहीतरी शिवायला आणायचा. एकदा पिशवीची चेन, एकदा उशीचा अभ्रा. एकदा चक्क धडधाकट रुमाल.

"याला काय झालंय?"

"कडा उसवलीय."

"कुठं?"

"…उसवंल असं वाटतंय."

मी त्या रुमालाला कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं एक बारीकसं पीस काढून दिलं. त्यानं तो खिशात ठेवला आणि परत कधी शिवायला आणला नाही.

पुट्टीची छाती मात्र भरत नव्हती. दिवसाचं उपटणं कमी झालं होतं, पण रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडलेली असायचीच. एके दिवशी मल्लेशचा चेहराच उतरलेला होता. "परत रक्त आलंय," म्हणाला. मग दोरे गुंडाळत, माझ्याकडं न बघता, "अव्वाला ब्लाऊज शिवायचंय. तिला गाडीवर बसवत न्हाय. माप घ्यायला… याल का सास्तूरला?"

मी तोंड उघडायच्या आत तुळजाबाई म्हणाल्या, "येती की. रविवारी."

सास्तूर म्हणजे भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. सरळ गल्ल्या, एका साच्यातली घरं. मल्लेशच्या घराचं दार पोपटी रंगाचं होतं. आत खाटेवर त्याची अव्वा, नागम्मा, बसल्या होत्या, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे. खाटेच्या उशाशी पिंजरा आणि पिंजऱ्यावर बरोबर ट्यूबलाईट.

"बा, बा… ये, बस," त्या म्हणाल्या. "तूच व्हय ती बनियनवाली?"

मी लाजून माप घ्यायला लागले. माप घेताना पुट्टीनं छातीत चोच खुपसली की नागम्मा झटकन वळायच्या, "ए पुट्टी! अय्यो, सोड गं माय!" आणि पुट्टी त्यांच्याकडं बघायची.

"अव्वा, डॉक्टर म्हणालेत ना, उपटताना वरडायचं न्हाय," मल्लेश म्हणाला. "गप बसली की बोलायचं तिच्याशी."

"डोळ्यादेखत लेकरू रगत काढतंय आन् गप बसू व्हय रं?"

चहा झाला, संध्याकाळ झाली. दारातल्या कडुलिंबावर चिमण्यांचा केवढा गलका उठला… मग एकेक करत त्या गप झाल्या. झाडात अंधार भरला. पुट्टीनं डोळा अर्धा मिटला. मग उघडला. परत मिटला, वर ट्यूबकडं बघून परत उघडला. आणि मग चोच हळूच छातीत गेली.

"ही झोपते कधी?" मी विचारलं.

"म्या झोपले की."

"आणि तुम्ही?"

मल्लेश जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, नको ते विचारलं आपण. पण नागम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "गणपती पाण्यात शिरवून झोपलो हुतो बघ, त्या साली. माझं थोरलं, दोन वर्साचं हुतं. उजेडात झोपायचं न्हाय ते. म्हणून म्याच दिवा मालवला. मग जमीन हालली… अंधारात आवाज येत हुता त्याचा. अव्वा, अव्वा. हात पुरंना माझा. उजाडायच्या आत आवाज थांबला." त्यांनी पदर सोडून दिला. "तवापास्नं या घरात दिवा मालवला न्हाय."

भूकंपाच्या कितीतरी नंतर जन्मलेला मल्लेश उठून बाहेर गेला. कधीही बंद न पडणाऱ्या ट्यूबची ती बढाई मला आठवली, आणि त्या दिवशी मनात त्याला बढाईखोर म्हटलं होतं, त्याची लाज वाटली.

एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. भुरभुर पडत होती. त्यानं स्वतःचं जर्किन माझ्यापुढं धरलं, मी घेतलं.

"तुम्हाला कळलं न्हवं?" तो म्हणाला. "मलाबी आज तुम्ही विचारल्यावरच कळलं. झोपच न्हाय पुट्टीला. आन् ती ट्यूब मीच बसवलीय… पण अव्वाला कुठल्या तोंडानं म्हणू, अंधार कर?"

"अव्वांना नका म्हणू. अंधार पुट्टीला पायजे."

तो एकदम माझ्याकडं वळला.

"मला शिवायचं तर होतंच," मी म्हणाले. "माप तेवढं चुकीच्या गिऱ्हाइकाचं घेतलं. पिंजऱ्याचं घ्यायला पायजे होतं."

एसटी आली. मी पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "माप पाठवून द्या."

"पाठवत न्हाय," तो पावसात उभा राहून हसला. खळी पडली. "घिऊन येतो."

पिंजऱ्याच्या खोळीला आतून जाड काळं सुती कापड लावलं. बाहेरून नागम्मांचंच जुनं इरकली लुगडं, हिरवं, लाल काठाचं. हवेला खालून मोकळं ठेवलं. आणि समोर, पुट्टीच्या दांडीच्या बरोबर उंचीवर, तळहाताएवढी एक खिडकी ठेवून तिला झाकण शिवलं. झाकणाला एकच बटण. ते काज तुळजाबाईंनी इतकं मन लावून केलं की मला वाटलं, त्यांना सगळं माहीत होतं.

आम्ही खोळ घेऊन गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मल्लेशनं ती पिंजऱ्यावर घातली मात्र, नागम्मा खाटेवरून उठल्या.

"काढ. अंधारात कोंडायचं लेकराला? काढ म्हणते ना!"

"राहू द्या," मल्लेश मला म्हणाला. "राहू द्या, न्हाय जमायचं." आणि त्यानं खोळीला हात घातला.

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. मग नागम्मांजवळ जाऊन त्यांची बोटं त्या बटणावर नेली.

"अव्वा, हे बघा. हे तुमच्या हातात आहे. पायजे तेव्हा उघडा. हात पुरतोय ना इथवर?"

मी त्यांना अव्वा म्हणाले होते, हे माझ्याही नंतर लक्षात आलं. त्यांनी बटण काढलं. आत पुट्टी दांडीवर बसली होती. अव्वांनी ते लावलं. परत काढलं, परत लावलं. ट्यूब तशीच लखलखत होती. आम्ही तिघं त्या लाल काठाकडं बघत उभे. आणि मग आतून एक बारीक आवाज यायला लागला… किर्र, किर्र.

"दात खाती व्हय?" अव्वा कुजबुजल्या.

"चोच घासती," मल्लेश म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, झोपंला आली की असं करतेत. आपल्याकडं कधी ऐकूच आलं न्हवतं."

अव्वांनी खोळीला कान लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल होत गेला. आणि आवाज थांबला.

त्या एकदम पांढऱ्या पडल्या. बटण निघेना, बोटं घसरत होती. झाकण उघडलं. आत पुट्टी मान मागं वळवून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपली होती. पाठ हलकेच वरखाली होत होती. अव्वा कितीतरी वेळ ते वरखाली बघत राहिल्या.

"निजली गं," त्या म्हणाल्या. आणि खाटेवर बसून रडल्या. मल्लेश त्यांच्या पायाशी बसला. मी भिंतीकडं तोंड करून उगाच टेप गुंडाळत राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मल्लेश पुन्हा तोच चपलेचा खोका घेऊन दुकानात आला. पुट्टीच्या छातीवर बारीक बारीक पांढरे काटे फुटले होते, आणि काही काट्यांच्या टोकाला निळं पीस उमललं होतं. एक डाग अजून उघडा होता, घरात पाहुणे आले की ती अजून उपटते, असंही त्यानं सांगितलं. पण मला ती जगातली सगळ्यात देखणी नवरी वाटली.

"अव्वा विचारती, टेलर कधी येणार."

"कशाला? कपडा तर नीट बसलाय."

"कपडा नीट हाय. घरातलं एक माणूस नीट न्हाय."

"कोण?"

"ड्रायव्हर."

"काय होतंय त्याला?"

"झोप लागत न्हाय."

"मग त्यालाही खोळ शिवू का एक?"

तुळजाबाई उठल्या, "दोरा संपला," म्हणाल्या आणि भरलेली रिळं टेबलावर ठेवून बाहेर गेल्या. मल्लेशनं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. कोपऱ्यात निळं पीस होतं.

"मला तू आवडतीस, श्रीदेवी," तो म्हणाला. एका दमात, जमिनीकडं बघत. "तिला बघून तुझ्या डोळ्यात पाणी आलं होतं ना पहिल्या दिवशी, तवापास्नं. तू न्हाय म्हणलीस तरी चालंल… म्हणजे चालणार न्हाय, पण…"

"माझ्या दुकानातनं ट्रायलशिवाय काही जात नाही," मी म्हणाले.

"मग घे की ट्रायल."

"ती कधीच झाली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मलाही तू आवडतोस. लई."

खोक्यातून पुट्टी ओरडली. तिला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, अजूनही.

मार्गशीर्षात सास्तूरला आमचा साखरपुडा झाला. पाहुणे पांगले, माझे आई-बाबा अंगणात गाडीची वाट बघत होते. दिवस मावळला तसं मी पुट्टीला खोळ घातली, अव्वांनी बटण लावलं. मग त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "मल्ल्या, ती बत्ती बंद कर रं. लागती डोळ्याला."

"पुट्टी खोळीत हाय, अव्वा. तिला न्हाय लागत."

"मला लागती. देवाजवळचा दिवा राहू दे."

मल्लेश ट्यूबच्या बटणापाशी गेला. घरातली वायर न् वायर त्यानं स्वतः ओढलेली, पण हे एक बटण त्यानं जन्मात बंद केलं नव्हतं. त्याचं बोट त्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं. मी जवळ गेले. त्याच्या हातावर माझा हात ठेवला… आणि आम्ही दोघांनी मिळून ते दाबलं.

खोलीत अंधार झाला. देवापुढची वात तेवढी तेवत होती. खोळीतून किर्र, किर्र आवाज येत होता. मग तो थांबला.

अव्वांनी कूस बदलली. खोळीचं बटण उघडायला त्या उठल्या नाहीत.